शट डाउन म्हणजे बंद नव्हे

"कॉम्प्युटरवाल्या ताईंना कशाला बोलवायचं, मी बघतो," असं मी सोमवारी सकाळी चहा पिता पिता म्हणालो. आमच्या घरात 'मी बघतो' या दोन शब्दांचा इतिहास फारसा चांगला नाही. (न्हाणीघरातला नळ मी बघितला, तेव्हापासून आम्ही तिथे स्वयंपाकघरातून बादलीने पाणी नेतो.) बायकोने फक्त बशी जरा जोरात ठेवली.

ताईंना न बोलावण्यामागे माझं एक खाजगी कारण होतं. मागच्या वेळी माऊस हलत नाही म्हणून मी त्यांना बोलावलं होतं. त्यांनी माऊस उलटा केला, त्याच्या पोटावरचं किमतीचं लेबल नखाने काढलं, ते माझ्या तळहातावर ठेवलं आणि काही न बोलता निघून गेल्या. माणूस काही बोलला असता तर बरं वाटलं असतं.

तर आता संगणकाचं दुखणं असं होतं, की तो चालू असताना अगदी गुणी होता. बंद करायला गेलं की बिथरायचा. 'शट डाउन' दाबलं की ठिपके गोल गोल फिरायचे, मग अचानक सगळा पडदा निळा व्हायचा, त्यावर एक रडवेला चेहरा उमटायचा आणि एक-दोन मिनिटांत स्वारी आपोआप पुन्हा सुरू. परत बंद करा, परत निळा, परत सुरू. निघतो निघतो म्हणून चपला घालायच्या आणि दारातून परत येऊन खुर्चीत बसायचं, असे काही पाहुणे असतात, त्यातला प्रकार. शेवटी बटण दाबून धरून त्याचा गळा आवळावा लागायचा. असा गळा आवळताना एकदा बायकोची दोन पानं गेली होती.

ही पानं साधी नव्हती. बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. तिथल्या लहान मुलांसाठी तिने एक चित्रांचं पुस्तक तयार करायला घेतलं होतं. पानावर शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी काढलेलं चित्र, खाली शब्द, त्याखाली एक छोटंसं वाक्य. अशी एकशे बारा पानं. तीन वर्षं शाळा, घर सांभाळून ती हे करत होती, आणि आता शेवटची चौदा पानं राहिली होती.

"शनिवारी दुपारी बारापर्यंत फाईल छापखान्यात गेली पाहिजे," ती म्हणाली. "नाही गेली, तर आपला नंबर जातो. मग पुस्तक पुढच्या वर्षी. तोवर काही वेडंवाकडं करू नका."

"मी फक्त बघणार आहे."

"तेच म्हणतेय मी."

आमच्याकडे माझे सासरेही राहतात. त्यांनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, पण अजूनही कुठल्याही इमारतीत शिरले की आधी लिफ्टच्या आवाजाला कान देतात. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "जावईबापू, लिफ्टचं दार लागता लागता परत उघडत असेल, तर मोटर खोलायची नसते. आधी दारात कुणाचा पाय आहे का ते बघायचं."

मी मान डोलावली. (सासऱ्यांसमोर डोलावण्यासाठी माझ्याकडे एक वेगळी मान आहे. ती डोक्याला जोडलेली नाही.)

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी नोंदवून घेणारा कारकून आहे. तक्रार नोंदवायची, क्रमांक द्यायचा आणि माणसाला पुढच्या खिडकीवर पाठवायचं, एवढंच माझं काम. पुढच्या खिडकीत काय होतं, ते मला एकवीस वर्षांत कळलेलं नाही. त्यामुळे संगणकाच्या पोटातसुद्धा एक तक्रारवही असते, हे मंगळवारी संध्याकाळी कळल्यावर मला फार आपुलकी वाटली. ती उघडली तर आत तेराशे चाळीस नोंदी. प्रत्येकीसमोर लाल फुली, तारीख, वेळ, क्रमांक. निवारण शून्य. बिचारा आमच्याच खात्यातला होता. मी त्यातल्या साठ-सत्तर नोंदी एका कोऱ्या वहीत नीट उतरवून घेतल्या आणि समाधानाने जेवायला बसलो.

"सापडलं का काही?" बायकोने विचारलं.

"नोंद घेतली आहे," मी म्हणालो.

बुधवारी इंटरनेटवर एका परोपकारी माणसाने सांगितल्याप्रमाणे मी सगळं अपडेट केलं. संगणक तीन तास अपडेट होत होता आणि तेवढा वेळ बायको शेवटच्या पानांचा मजकूर पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहीत बसली. अपडेट संपल्यावर संगणक म्हणाला, बदल पूर्ण करण्यासाठी रीस्टार्ट करा. केला. निळा पडदा. फरक एवढाच पडला, की रडवेला चेहरा आता जरा मोठा दिसत होता.

गुरुवारी मी संगणकाचा डबा उघडला. रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासावेत, असं दुसऱ्या एका परोपकाऱ्याचं मत होतं. मी घासले. खोडरबराचा भुगा पंख्यात गेला. तो काढायला फुंकर मारली, तर आठ वर्षांची धूळ माझ्या टकलावर बसली, नाकात गेली आणि मी इतका शिंकलो की सासरे पेपर खाली ठेवून बघायला आले.

"दारातला पाय बघितलात का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे नक्की काय बघू?"

"जे जे बाहेरून जोडलंय, ते एकेक सुटं करा. प्रत्येक वेळी बंद करून बघा. ज्याला काढल्यावर नीट बंद होईल, तो चोर."

हे मला पटलं. (पटलं नसतं तरी केलं असतं. ते हलायला तयार नव्हते.) मी टेबलाखाली रांगत गेलो आणि माऊस, कीबोर्ड, स्पीकर, प्रिंटर अशी एकेक वायर काढत गेलो. सासरे वरून हुकूम सोडत होते. प्रत्येक वेळी (माऊस गेल्यावर डब्यावरचं बटण नुसतं टिचकावून) बंद केलं, की निळा पडदा. शेवटी नुसता डबा आणि पडदा उरला, तरी निळाच.

"सगळं काढलंत?"

"सगळं."

"नक्की?"

"आता घराची वीज तेवढी काढायची राहिली आहे," मी म्हणालो. चार दिवसांत माझाही पारा चढला होता. सासरे हळूच पेपराकडे परतले.

शुक्रवारी मी किरकोळ रजा टाकली. (अर्जात कारण लिहिलं 'घरगुती आजारपण', आणि ते खोटंही नव्हतं.) बायको शाळेत गेली आणि मी शेवटचा उपाय केला. त्याचं नाव रीसेट. म्हणजे संगणकाने सगळं विसरायचं आणि नव्याने जन्माला यायचं. त्याने मला स्पष्ट विचारलं, तुमच्या फाईल ठेवू की काढू. मी दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि 'ठेवा' म्हटलं. मी बेजबाबदार नाही, हे मला इथे सांगायचं आहे.

दुपारी चार वाजता पुनर्जन्म झाला. मी बंद करून बघितला. निळा पडदा. मी खुर्चीत बसून राहिलो. रडवेला चेहरा माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. दोघांपैकी कोण आधी बोलतो, एवढाच प्रश्न होता.

साडेपाचला बायको आली. हात धुतले, खुर्चीत बसली, फाईल उघडली. फाईल होती, टाईप झालेली अठ्ठ्याण्णव पानं होती, चित्रंही जागच्या जागी होती. पण आईच्या चित्राखाली 'आई' नव्हतं. तिथे दोन इंग्रजी अक्षरं, एक डॉलरची खूण आणि एक उलटा स्वल्पविराम होता. चेंडूखाली टक्क्याची खूण. पावसाखाली सगळेच चौकोन.

"हे काय झालं?" ती म्हणाली.

मी रीसेटचं सांगितलं. ती तीन वर्षं ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करत होती, तो फॉन्ट संगणक इतर गोष्टींबरोबर विसरला होता. फॉन्टची सीडी कुठे आहे विचारल्यावर मी म्हणालो, बघतो, आणि लगेच गप्प बसलो.

ती रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती रागावली नाही. तिने पानं हळूहळू खाली सरकवत नेली, शेवटपर्यंत, आणि मग म्हणाली, "मुलांना मी सांगितलं होतं, यंदा पुस्तक येणार म्हणून." एवढं बोलून ती पोळ्या करायला गेली. लाटण्याचा आवाज येत होता.

मी वही घेतली आणि डॉलर म्हणजे वेलांटी, टक्का म्हणजे 'च' अशी यादी करायला लागलो. जेवणापर्यंत अडीच पानं उलगडली. त्या हिशोबाने पुस्तक दीड महिन्यात तयार झालं असतं. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावरून वहीत डोकावून पाहिलं आणि न विचारता ताईंना फोन लावला.

शनिवारी सकाळी साडेआठला ताई आल्या. त्यांनी माझी तक्रारवही चाळली (मीच पुढे केली होती), मिटली आणि परत दिली.

"पुस्तक कुठे छापणार आहात?" त्यांनी बायकोला विचारलं.

बायकोने छापखान्याचं नाव सांगितलं.

"मग त्यांच्याकडे हा फॉन्ट असणारच. नाहीतर छापणार कसं?" ताईंनी फोन केला, दहा मिनिटांत मेलवर फॉन्ट आला, त्यांनी तो टाकला, आणि आईच्या चित्राखाली 'आई' परत आली. बायकोने पदराने डोळे टिपले आणि लगेच टाईप करायला बसली. शेवटच्या पानांचा मजकूर कागदावर तयारच होता आणि त्यांची चित्रं बाईंनी मेलवर पाठवली होती. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फाईल छापखान्यात पोचली. काल संध्याकाळी हा फोन मलाही करता आला असता, हे कुणीही बोललं नाही. आमच्या घरची माणसं तशी चांगली आहेत.

मग ताई मूळ दुखण्याकडे वळल्या. "बाहेरचं सगळं काढून बघितलंत?"

"सगळं," मी म्हणालो. "एकूण एक."

त्यांनी वाकून टेबलामागे हात घातला आणि भिंत व कपाट यांच्या फटीतून एक करडी वायर ओढली. वायर डब्यातून निघून प्रिंटरच्या खाली जात होती. "आणि हे?"

"तो प्रिंटरचा स्टँड आहे," मी म्हणालो.

ताईंनी प्रिंटर उचलून बाजूला ठेवला, स्टँडचं झाकण उघडलं. आत काच होती. काचेवर आमच्या लग्नाचा एक फोटो पालथा पडला होता. आठ वर्षांपूर्वी सगळे जुने फोटो स्कॅन करायचे म्हणून मी मोठ्या उत्साहाने स्कॅनर आणला होता. तीन फोटो झाल्यावर चहा झाला आणि मग ते राहिलंच.

"संगणक बंद होताना सगळ्यांना विचारतो, निघू का," ताई म्हणाल्या. "बाकीचे हो म्हणतात. हा उत्तरच देत नाही. मागे कधीतरी आपोआप अपडेट झालं, तेव्हापासून त्याचं आणि संगणकाचं पटत नाही." त्यांनी वायर काढली आणि शट डाउन दाबलं. ठिपके फिरले, पडदा काळा झाला, आणि खोलीत पंख्याचा आवाज थांबल्यावर जी शांतता पसरली, ती मी आठवडाभर विसरलो होतो.

"पाय," सासरे म्हणाले, आणि पेपराचं पान उलटलं.

पुस्तक वेळेवर छापून झालं. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली त्या आठवड्यात एक छोटा कार्यक्रम होता, तिथे आम्ही तिघेही गेलो. मुलं पुस्तकं मांडीवर घेऊन बसली होती, चित्रावर बोट ठेवत होती आणि भराभर हातांनी एकमेकांशी बोलत होती. बायको त्यांच्यामध्ये उभी होती. तिला इतकी खूश मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो, आणि हे मी जवळजवळ घालवलं होतं.

इतक्यात पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. तिने पुस्तकातलं शेवटाकडचं एक पान उघडलं, माझ्याकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं आणि शेजारणीला कोपर मारलं. मी वाकून पाहिलं. पानावर दोन चित्रं होती. 'दुरुस्त करणे' या शब्दावर हातात पेचकस घेतलेला, शांत चेहऱ्याचा एक माणूस होता. 'बिघडवणे' या शब्दावर एक माणूस टेबलाखाली रांगत होता आणि त्याच्या गळ्यात वायरी अडकल्या होत्या. चित्रं काढणाऱ्या बाई त्या गुरुवारी आमच्याकडे येऊन गेल्या होत्या आणि टेबलाखाली असल्यामुळे मला त्यांना नमस्कार करता आला नव्हता, हे मला तेव्हा आठवलं.

मुलीने हातांनी मला काहीतरी विचारलं.

"ती विचारतेय, हे तुम्हीच ना?" बायको म्हणाली.

मी हसून नकारार्थी मान हलवली आणि पेचकसवाल्या माणसावर बोट ठेवलं. मुलीने ते चित्र नीट निरखलं, मग माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि दोन्ही हातांनी एक लहानसं वाक्य बोलली. मागच्या दोन रांगा हसल्या.

"आता काय म्हणाली?" मी विचारलं.

बायकोने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "काही नाही," ती म्हणाली. "त्या माणसाला केस आहेत, म्हणतेय."