विरजणाचा रुमाल

धम्मदीनाने बॅग उघडली. बॅग रिकामी होती.

"पप्पा, यातला रुमाल कुठेय?"

"धुतला," चांगदेव म्हणाले. "सगळंच धुतलं. काल तू येऊन झोपलीस, मी लगेच कामाला लागलो." महूच्या छावणीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या या माणसाच्या इंदूरच्या सुदामा नगरातल्या घरात प्रवासाचा कपडा रात्रभर टिकत नसे. त्यांनी रुमाल अभिमानाने पुढे केला. घडीची कड सुरीसारखी. "पण रुमालाला काज का गं आहे? अजब देश!"

तो नाक पुसायचा रुमाल नव्हता. अल्बानियातल्या एका डोंगरी गावात द्रिता नावाच्या म्हातारीने तो मेंढीच्या दह्यात बुडवून सावलीत वाळवला होता. शहरात गेलेली पोरं गावी परतून जुन्या जातीच्या मेंढ्या पुन्हा पाळत होती, आणि सगळ्यांचं दही द्रिताच्या एका मडक्यातल्या विरजणावर लागत होतं. कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणारी धम्मदीना दोन आठवडे त्यांच्या मदतीला जाऊन आली होती. "एक विरजण माझ्याकडे, एक तुझ्याकडे," द्रिता निघताना म्हणाली होती.

आज सकाळी द्रिताच्या नातवाचा निरोप आला होता: मडक्यात बुरशी आली, सगळं फेकलं. तुमच्याकडचं जिवंत आहे ना?

"इस्त्री केली?" धम्मदीनाने विचारलं.

"फुल गरम."

ती खाली बसली. एवढ्या उष्णतेत रुमालातलं विरजण मेलंच असणार. मग म्हणाली, "साबण?"

"साबण नंतर. आधी साध्या पाण्यात भिजवायचं, नियम आहे. पाणी काय दुधासारखं निघालं! म्हटलं, हे लोक खळ मस्त घालतात. वाया कशाला घालवायची? माझा पांढरा शर्ट बुडवला त्यात."

"तो शर्ट कुठेय?"

"अंगात. अकराला महूला पलटणीतल्या दोस्तांचा मेळावा आहे ना! थोडा आंबूस वास येतो, पण कडक कसला झालाय बघ."

धम्मदीनाने खाली खोचलेल्या शर्टाकडे पाहिलं. "पप्पा, खरं सांगा. इंच न् इंच इस्त्री केली?"

चांगदेवांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. तिथे धम्मदीनाची आई आनंदीबाई कांदा चिरत होत्या. चांगदेवांचा आवाज एकदम उतरला. "खोचतो तो भाग... नाही करत."

"कधीच?"

"आत जाणारं कोण बघतं? पण आईला बोलू नको, बेटा. तिला मी घडी घालण्यावरून वीस वर्षं लेक्चर देतोय."

धम्मदीनाने कात्री आणून गॅसच्या ज्योतीवर धरली, गार केली. "सावधान!" ती म्हणाली. चांगदेव सवयीने ताठ झाले आणि इस्त्री न लागलेला वीतभर शर्ट कापला गेला.

"सलाम जपून करा," ते मेळाव्याला निघताना तिने बजावलं. "हात वर गेला की शर्ट बाहेर येईल."

मेंढीचं दूध इंदुरात कुठून मिळणार? जुन्या इंदूरमधून शेळीचं आणलं. तापवून त्रेचाळीस अंशांवर आणलं, त्यात तुकडा सोडला, भांडं चांगदेवांच्या फौजी कांबळ्यात गुंडाळलं. सहा तासांनी पाहिलं. दूधच होतं.

"आपल्या विरजणातलं चमचाभर घाल की," आनंदीबाई म्हणाल्या. "तिकडे कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल," धम्मदीना म्हणाली आणि दूध पुन्हा कोमट करून कांबळं आवळून बांधलं.

सकाळी दही लागलं होतं. तिने जिभेच्या टोकावर घेतलं. तीच चव, कडांना चावणारी.

दुपारी व्हिडिओ कॉलवर तिने भांडं तिरकं करून दाखवलं. दही जागचं हललं नाही. द्रिताने पडद्याला नाक लावलं. मग धम्मदीनाने तिला शर्टाची हकीकत सांगितली. नातवाने ती आपल्या भाषेत सांगितल्यावर म्हातारी डोळे पुसपुसून हसली आणि भराभर काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मागून चांगदेवांनी विचारलं.

"म्हणते, तिचा रुमालही नवऱ्याच्या शर्टाचं खालचं टोकच होता, म्हणून काज. त्या टोकाला तोही इस्त्री करत नसे. त्याला वाटायचं, बायकोला माहीत नाही."

चांगदेव खदखदून हसले. मग त्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली आणि हसू जागीच थांबलं.

"हसा की," आतून आनंदीबाई म्हणाल्या. "तुमच्या शर्टांचं कपाट मीच लावते."