पाय मागे वळेना

लेकीच्या फोनवर सकाळपासून एकच गाणे वाजत होते. शेवटी मास्तरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले, सासऱ्यांच्या जुन्या आरामखुर्चीत ताठ बसले आणि विचारले, "कुणाचं आहे हे?"

"त्याने पाठवलंय. स्वतः म्हणून," लेक लाजत म्हणाली.

'तो' म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मुलगा. लेकीने त्याला पसंत केले होते, तिच्या आईनेही केले होते. राहिले होते फक्त मास्तर. त्यांचा होकार घ्यायला तो त्याच संध्याकाळी यायचा होता. मुलगा सरळ, कामसू, पण घुमा. तोंडच उघडत नसल्यामुळे मास्तरांना त्याच्यात खोट काढायला आजवर जागा मिळाली नव्हती. आता चार ओळी म्हणून तो आपल्या पायांनी त्यांच्या तावडीत आला होता.

मास्तरांनी जन्मभर शाळेत भाषा शिकवली. कविता कुठलीही असो, प्रश्न एकच: कवीला काय म्हणायचे आहे? बरोबर उत्तर फक्त मास्तरांकडे असे. खुद्द कवी येऊन बसला असता तरी काठावर पास झाला असता. निवृत्त झाल्यापासून बिचाऱ्यांच्या हाती एकही कविता लागली नव्हती.

"लाव परत," त्यांनी फर्मावले. गाणे सुरू झाले.

तुझ्याविना रात्रभर डोळा लागेना,
तुझ्यापुढे ओठांवर शब्द येईना,
घर माझे मला आता घर वाटेना,
तुझ्या दारी आलो, पाय मागे वळेना.

"पहिली ओळ. डोळा लागत नाही. म्हणजे निद्रानाश! आणि असा माणूस लिफ्ट दुरुस्त करतो. लोक त्यात चढतात!"

"बाबा, प्रेमात असंच म्हणतात."

"कवितेत उगाच काही नसतं. शब्द येत नाही म्हणे. म्हणजे काहीतरी लपवतोय. घर घर वाटत नाही, म्हणजे आईबापांशी पटत नाही. आणि शेवटची ओळ तर सरळ कबुलीजबाब! दारी आला आणि आता परत जाणार नाही. अगं, घरजावई व्हायचंय त्याला, घरजावई!"

कोपऱ्यात इस्त्री करणाऱ्या मास्तरीणबाईंना एकदम ठसका लागला. "अहो, काहीतरीच काय!"

"तुला कवितेतलं काय कळतंय?"

"ते मात्र खरं," म्हणत बाईंनी मास्तरांच्याच शर्टाची कॉलर जरा जोरात दाबली.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आले. "एका गाण्यावरून माझं लग्न मोडणार तुम्ही?"

"गाण्यावरून नाही. अर्थावरून."

संध्याकाळी मुलगा आला. हत्यारांची पिशवी पायाशी ठेवून खुर्चीच्या कडेवर टेकला. मास्तरांनी पाणीसुद्धा पिऊ दिले नाही.

"शेवटच्या ओळीत कवीला काय म्हणायचंय?"

"काका, मला अर्थबिर्थ नाही येत."

"घरजावई व्हायचा विचार आहे?"

"छे हो! घर आहे की माझं. आत्ताच रंग काढलाय."

"मग पाय का वळत नाही?"

"ते मी नाही लिहिलेलं."

"म्हणजे चोरी!" मास्तर आनंदाने म्हणाले. "निद्रानाश, लपवाछपवी आणि वर चोरी! ऐकलंस? हे लग्न होणं नाही."

लेक रडवेली होऊन उभी राहिली. मुलाने बाईंकडे पाहिले. "काकू, आता तुम्हीच सांगा. ही म्हणते मी कधी गोड बोलत नाही, म्हणून मी तुम्हाला विचारलं काय पाठवू. हे गाणं तुम्हीच शिकवलंत. मी फक्त चाल बदलली."

बाईंनी इस्त्री बंद केली. "हे गाणं मला एक मुलगा म्हणून दाखवायचा. खाली जिन्यात उभा राहून. माझ्या वडिलांनी एकदा वरून बादलीभर पाणी ओतलं, तरी हलला नाही."

"कोण होता तो निर्लज्ज?" मास्तर कडाडले.

लेकीने आधी आईकडे पाहिले, मग वडिलांकडे, आणि तोंडावर हात ठेवला.

"अहो, तुम्हीच," बाई म्हणाल्या. "रोज एक कविता करायचात तेव्हा. लक्षात तरी किती राहणार!"

मास्तरांचा चेहरा गृहपाठ विसरलेल्या पोरासारखा झाला. ते पुटपुटले, "तेव्हा संदर्भ वेगळा होता."

"वेगळा कसला? जिना तोच, दार तेच, खुर्चीसुद्धा माझ्या वडिलांचीच. पण एक सांगते, अर्थ मात्र तुम्ही अगदी बरोबर काढलात. पैकीच्या पैकी!"

आता लेकीला हसू आवरेना. मास्तर घाईघाईने उठले आणि मुलाचा हात धरून म्हणाले, "या, जावईबापू, या. इथे आरामखुर्चीत बसा."

"अहो, त्या खुर्चीत नका बसवू त्याला," बाई म्हणाल्या. "मग तोही उठायचा नाही."