अकराव्या किलोमीटरचा नारळ

दाजी घाड्यांची अठरा वर्षांची गाडी घरातून निघाली की बरोबर अकराव्या किलोमीटरला, चढणीच्या माथ्यावरच्या वळणावर, वडाखाली बंद पडे. वडाखाली राखणदार देवाचा पाषाण होता. दाजी उतरत, नारळ फोडत, गाऱ्हाणं घालून देवाकडे सांभाळ मागत. सावलीत बसून खोबरं खाईपर्यंत वीस मिनिटं जात आणि मग गाडी चावीसरशी सुरू होई. परतीच्या वाटेवर ती कुठेही बंद पडे. पण तिथे देव नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहत नसे.

या व्यवस्थेला कुणाची हरकत नव्हती. मग काजू वेचून संपता संपता मुलगी भक्ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि काशीबाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं, "चेडवाक कळा इल्यो तर तुमच्या ह्या डब्यात घालूची नाय. शेजारच्या बाबलीची गाडी सांगान ठेवलंय. ह्यो डबो भंगारात देवा."

"भंगारात? ह्याच गाडयेतसून भक्तीची वरात गेली!"

"गेली. वीस मिनिटां थांबान गेली."

"तो देवाचो मान."

"बाळ थांबात काय मानासाठी?"

दाजींना गाडी मात्र हवी होती. दुसऱ्या दिवशी ते तिठ्यावर जितेंद्रच्या गॅरेजात गेले. जितेंद्रने गाडीला यंत्र जोडलं, पडद्यावरचा आकडा वाचला आणि बॉनेटखाली अंगठ्याएवढ्या एका तुकड्यावर बोट ठेवलं.

"दाजीनू, कॅमशाफ्टचो सेन्सर गेलो."

"म्हंजे?"

"झडपा कधी उघडतत तां ह्याच्यावरना इंजिनाक कळता. तापलो की ह्यो मुको होता, निवलो की परत बोलाक लागता. घराकडसून त्या वळणापर्यंत सगळो चढ, म्हणान थंयच तापता. वीस मिनिटांनी निवता. राखणदाराचो काय संबंध नाय."

अठरा वर्षांची गाडी वाचणार म्हणून दाजींना बरं वाटलं. राखणदार त्यातून वगळला गेला, ते तितकंसं आवडलं नाही. ते म्हणाले, "ह्या तुझ्या काकीक पटवन दी."

नवा सेन्सर कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने यायचा होता. तोवर जितेंद्रने प्रयोग ठरवला. वळणावर गाडी बंद पडली की सेन्सरवर थंड पाण्याचं फडकं ठेवायचं आणि तीन मिनिटांत, नारळाशिवाय, सुरू करून दाखवायची.

चौघं निघाली. भक्तीला वारा हवा होता आणि काशीबाईंना निकाल. वळण आलं, गाडी बंद पडली. जितेंद्र आणि काशीबाई दोघांनीही एकमेकांकडे "बघ" अशा नजरेने पाहिलं. जितेंद्रने बॉनेट उघडून हात मागे केला. "पाणयाची बाटली."

"ती मी पिलंय," भक्ती म्हणाली. "माका दोघांची तहान लागता."

तेवढ्यात काशीबाईंनी सवयीने नारळ फोडून, या वेळी भक्तीला प्यायला म्हणून, पाणी तांब्यात धरलं होतं. विहीर पार खाली, चढणीच्या पायथ्याशी. जितेंद्रने विहिरीकडे पाहिलं, चढणीकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं. शेवटी फडकं नारळाच्या पाण्यात बुडवून त्याने सेन्सरवर ठेवलं. तिसऱ्या मिनिटाला गाडी सुरू झाली.

काशीबाईंनी हात जोडले. "वीस मिनिटांचा काम तीन मिनिटांत! इतकी वर्षां आमी पाणी मातयेत घालवलंव, तीच चूक."

"अवो काकी, साधा पाणी आसता तरी..."

"साधा होता काय?"

"नाय."

"मगे?"

चार दिवसांत ही वार्ता खाडीपलीकडे गेली. टेम्पोवाले वळणावर थांबून बॉनेटं उघडू लागले. एकाने नारळपाणी स्कूटरच्या प्लगवर ओतलं. एकाने ते पेट्रोलच्या टाकीत घातलं, तेही भक्तिभावाने. जितेंद्रच्या गॅरेजात मुंग्या लागलेल्या इंजिनांची रांग लागली. रांगेत पहिली गाडी बाबलीची होती. पोटुशीला न्यायची म्हणून त्याने खबरदारीचे दोन नारळ ओतले होते.

पाचव्या दिवशी सकाळी एसटीने पार्सल आलं आणि त्याच घटकेला भक्तीला कळा आल्या. गावात चालती गाडी एकही नव्हती. जितेंद्र पार्सल घेऊन धावत आला. एक बोल्ट काढला, जुना सेन्सर उपसला, नवा बसवला. दहा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात काशीबाईंनी त्याला मुंगीपासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांवरून बोलून घेतलं.

जितेंद्र गाडी चालवत होता. काशीबाईंच्या मांडीवर भक्तीचं डोकं होतं आणि पिशवीत दोन नारळ. चढण सरली, वड दिसला, वड जवळ आला, वड मागे पडला.

"रे जितू, थांबव!"

"थांबणा नाय, काकी."

"थांबणा नाय म्हंजे? बिघाडली काय?"

"बरी झाली!"

काशीबाईंनी धावत्या गाडीतूनच मागे वळून पदर पसरला. "बा म्हाराजा, चुकला तां पदरात घे, येताना देतंय. माझ्या चेडवाक सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गाऱ्हाण्याला साथ म्हणून दाजी पुढच्या सीटवरून पुटपुटले. भक्तीही, दोन कळांच्या मधे, तेच म्हणाली.

कणकवलीच्या दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात नात झाली. डॉक्टर म्हणाल्या, आणखी वीस मिनिटं उशीर झाला असता तर अवघड होतं. हा आकडा ऐकून दाजींनी व्हरांड्यात जितेंद्रच्या पाठीवर हात ठेवला.

चौथ्या दिवशी सगळी घरी निघाली. गाडी दाजी चालवत होते, जितेंद्र शेजारी. ती एकदाही अडली नाही, खोकलीसुद्धा नाही. वड आला तसा दाजींनी आपणहून ब्रेक दाबला आणि चावी काढून खिशात टाकली. काशीबाईंनी दोन्ही नारळ फोडले. दाजींनी गाऱ्हाणं घातलं, आणि "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्याने जितेंद्र म्हणाला. मग सगळी सावलीत बसली. बाळ झोपलं होतं. वडाची लाल फळं टपटप पडत होती.

"चला आता," जितेंद्र उठत म्हणाला. "सेन्सर नवो आसा."

दाजींनी घड्याळ पाहिलं. "बस रे. अजून बारा मिनिटां आसत."

"कित्याक?"

"आमका नाय रे," दाजी खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवत म्हणाले. "राखणदाराक सवय आसा."