फुकट कार्डाची शेवटची ओळ

नाना गायकवाड माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, नाकाकडे बघत. आमची पहिली भेट झाली तेव्हा नावगाव काही न विचारता ते म्हणाले, "नाक बरं हाय तुझं. फ्रेम घसरायची न्हाय." माझ्या नाकाबद्दल चांगलं बोललेला तो पहिला आणि आजवरचा शेवटचा माणूस. त्या दिवसापासून मी त्यांच्या दुकानात बसायला लागलो. बसायला कॉलेजातही जागा होती, पण तिथं प्रश्न विचारायचे.

नानांचं चष्म्याचं दुकान भिवंडीत आमच्या कॉलेजच्या रस्त्यावरच होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि कॉलेजची पोरं म्हणजे उद्याची गिऱ्हाइकं, हे आसपासच्या सगळ्या दुकानदारांना एकदमच उमगलं होतं. कुणी बॉलपेन वाटायचं, कुणी की-चेन. एका सलूनवाल्यानं तर नाव छापलेले कंगवे वाटले.

"येडा हाय," नाना म्हणाले. "कंगवा दिला की पोरं घरीच भांग पाडनार. फुकट द्यायचं तर असं, की घेनारा दुसऱ्या दिवशी दुकानात आला पायजे."

मग नानांनी परीक्षेच्या वेळापत्रकाचं खिशात मावणारं कार्ड छापून घेतलं. प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा बारीक. मराठीचा पेपर कुणालाही दिसे, अर्थशास्त्रापर्यंत पोचताना डोळे किलकिले होत आणि अगदी तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं: 'ही ओळ वाचता येत नसेल तर आमच्या दुकानात या.'

मी कार्ड उलटसुलट करून म्हणालो, "नाना, पण ज्याला वाचता येत नाही, त्याला हे कळणार कसं?"

"म्हनून तर तुला ठेवलाय," नाना म्हणाले.

अशा रीतीनं मी प्रचारप्रमुख झालो. पगार म्हणजे अर्धा चहा, उरलेला अर्धा नाना पीत. कॉलेजच्या फाटकापाशी आम्ही टेबल टाकायचो आणि नाना ओरडायचे, "फुकट हाय, पन वाचून दाखव!" कार्ड हातभर लांब धरून शेवटची ओळ वाचली की ते तुमचं. अडखळलात की नाना तुमच्या नाकाचं माप घ्यायला पुढे सरसावत.

झालं भलतंच. चष्म्यानं माणूस हुशार दिसतो म्हणून धडधाकट पोरं आंधळी व्हायला लागली. त्यांना बिननंबरी चष्मे हवे होते. उलट चष्मा नको असलेल्या मुली शेवटची ओळ मैत्रिणींकडून पाठ करून येत आणि कार्डाकडे न बघता घडाघडा म्हणून दाखवत. शेवटी नानांनी पुढच्या खेपेला ती ओळच बदलली. नवी ओळ होती: 'रस्त्यात खड्डे आहेत, जपून चाला.'

तेव्हा माझ्याच वर्गातली रेखा पुढे आली. तिनं कार्ड लांब धरलं आणि ठसक्यात म्हणाली, "ही ओळ वाचता येत नसेल तर आमच्या दुकानात या."

रांग खो खो हसली. त्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर. नाना मात्र गंभीरपणे म्हणाले, "बराबर. घे कार्ड." आणि माझ्याकडे वळून, "दात आत घे."

दुपारी रेखा आपणहून दुकानात आली. "नाना, मला फळ्यावरचं काही दिसत नाही. पण चष्मा नको. घरी कळलं तर माझं कॉलेज सुटलंच समजा. बाबा म्हणतात, शिकून डोळे गेले तर तुला स्थळ कोण आणणार?"

"मग घरी न्यायचाच न्हाय," नाना म्हणाले. "सकाळी हितनं घालून जायचा, संध्याकाळी हितं आनून ठेवायचा. त्याला दिवसपाळीची ड्युटी."

तो चष्मा आमच्या वर्गात माझ्यापेक्षा कितीतरी नियमित हजर राहिला.

आणि मग मी मदत केली.

गुडघे शेकायला नाना अकलोलीच्या गरम कुंडावर गेले होते आणि दुकान माझ्यावर सोपवलं होतं. संध्याकाळी रेखा चष्मा ठेवून गेली. सहामाही परीक्षा दुसऱ्या दिवसापासून. मला वाटलं, बिचारी रात्री अभ्यास कसा करणार? चष्मा रुमालात गुंडाळला आणि थेट कामतघरला तिच्या चाळीत गेलो. दार तिच्या वडिलांनी उघडलं.

"काका, रेखाचा चष्मा," मी म्हणालो. ते रुमालाकडेच बघत राहिले, म्हणून आणखी मदत केली. "नंबर मोठा आहे बरं का. सांभाळून ठेवा."

सकाळी नाना परतल्यावर मी त्यांना हे अभिमानानं सांगितलं. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे गाढवा, तिला लांबचं दिसत न्हाय! पुस्तक वाचायला चष्मा लागतो कशाला तिला?" मग दुकानाचं शटर ओढलं आणि मला दंडाला धरून कामतघरला नेलं.

रेखाचे वडील यंत्रमागाच्या कारखान्यात लूमवरची रात्रपाळी संपवून नुकतेच आले होते. रेखा कोपऱ्यात स्टोव्हपाशी, डोळे सुजलेले.

"जय भीम, दादा," नाना म्हणाले.

"जय भीम. पोरगी आता घरातच ऱ्हानार. दुसरं काय बोलायचं असंल तर बोला."

भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून नानांनी हात जोडले. तसबिरीतही चष्मा होता. मला वाटलं, नाना आता त्यावर बोलणार. पण त्यांनी खिशातून एक कार्ड काढलं. "फुकट हाय, पन वाचून दाखवा."

वडिलांनी कार्ड घेतलं. हात लांब गेला, मग मान मागे गेली. मराठीचा पेपरसुद्धा त्यांना लागेना.

नाना हळूच म्हणाले, "लूमवर सूत तुटलं, तर कोन जोडतं?"

वडिलांनी कार्ड उलटं करून खाली ठेवलं. मग दाराकडे बघून म्हणाले, "शेजारचा भैया जोडून देतो. शेठला कळलं तर लूम जाईल माझा. कुनाला बोलू नका."

नानांनी दुसऱ्या खिशातून जवळचं बघायचा एक चष्मा काढला आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या नाकावर बसवला. तेवढ्यात रेखा चहाचा कप घेऊन वाकली. वडील कप घ्यायचे विसरले.

"हा कपाळावरचा जखमेचा वन कधीचा गं?"

"दोन वर्षं झाली, बाबा."

त्यांनी कप घेतला, खाली ठेवला. "पेपर हाय ना तुझा? आटप मग. आनि तो चष्मा घे. पिशवीत नको, डोळ्यावर घे."

परीक्षा संपली, वर्ग पुन्हा सुरू झाले. रेखाचा चष्मा आता घरूनच येत-जात होता. मला वाटलं, नाना पेढे वाटतील. पण पहिल्याच संध्याकाळी ते पुसलेल्या काचा पुन्हा पुसत बसले. दोनदा रस्त्यावर डोकावून आले. दुकान बंद करायची वेळ टळली तरी शटर ओढेनात. मग माझ्या ध्यानात आलं. रोज या वेळेला मी समोरच्या वड्याच्या गाडीवर असायचो, आणि इकडे चष्मा ठेवायला आलेली रेखा घटकाभर स्टुलावर बसून वर्गात काय काय झालं ते नानांना सांगायची. बायको वारल्यापासून नानांशी नंबर सोडून दुसरं काही बोलणारं तेवढंच माणूस उरलं होतं.

"तू बी तिच्याच वर्गात हायस न्हवं?" काच उजेडाला धरून, माझ्याकडे न बघता नाना म्हणाले. "आज काय शिकवलं?"

त्या दिवशी मी कॉलेजात पाऊलही टाकलं नव्हतं. मी स्टूल पुढे ओढलं आणि सांगायला लागलो.