कोपऱ्यातला डोळा

शेजारच्या खोलीत लाकूड कोरायचं सीएनसी मशीन बसणार म्हटल्यावर तिने एकच अट घातली. स्पिंडल, म्हणजे कोरणारं पातं फिरवणारी मोटर, छोटा हवा. मोटर मोठी म्हणजे आवाज मोठा, आणि सात महिन्यांची लेक तर पांघरुणाच्या सळसळीनेही जागी व्हायची. दर दहा मिनिटांनी उठून लेकीचा श्वास तपासणारी ती स्वतः मात्र सात महिने झोपलीच नव्हती.

"वहिनी, आठशे वॅट म्हणजे मिक्सर झाला," दीर म्हणाला. "बावीसशे घ्या. कठीण लाकडात छोट्याला दम लागतो."

"लागू दे. दम लागलेला निदान ओरडत नाही."

नवऱ्याला याच घरात राहायचं होतं. त्याने आठशेचा घेतला.

पहिलं काम पाळण्याच्या उशाकडची फळी, तिच्यावर हसरा चांदोबा. एक डोळा झाला आणि लाकडात गाठ लागली. स्पिंडल अडकला, मशीन घसरलं, पण घसरल्याचं मशीनला कळलंच नाही. दुसरा डोळा त्या मशीनने चेहऱ्याबाहेर, वरच्या कोपऱ्यात कोरला. कडा करपून काजळ घातल्यासारखी काळी झाली.

फळी तशीच पाळण्याला बसवली. लेकीने त्या कोपऱ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आणि सलग तीन तास झोपली.

"मला ती फळी नको," आई म्हणाली. "तो बघतो."

"अगं, लाकूड आहे ते."

"मग बस जरा त्याच्यासमोर."

नवरा बसला. पाच मिनिटांनी उठून त्याने भावाला फोन लावला.

बावीसशेचा स्पिंडल आला. गाठी लोण्यासारख्या कापल्या, आवाजही उलट कमीच. "सांगत होतो," दीर म्हणाला. नव्या चांदोबाचे दोन्ही डोळे जागच्या जागी होते. जुनी फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

लेक तीन दिवस रडली. चांदोबाकडे न बघता, वरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत.

नवऱ्याने माप घेऊन तिथेही एक डोळा कोरला. नेमका, गुळगुळीत. पण तो कुठेच बघत नव्हता. रडणं चालूच.

चौथ्या दिवशी दुपारी आईने स्वतःच जुनी फळी आणून बसवली. लेकीचे हुंदके थांबले. ती कोपऱ्याकडे बघून हसली आणि झोपली.

आईने श्वास तपासायला हात पुढे केला, वर पाहिलं, आणि हात मागे घेतला.

"जरा पडते मी," ती कोपऱ्याला हळूच म्हणाली. "तुम्ही आहात ना?"

आणि सात महिन्यांत पहिल्यांदाच ती पाळण्याकडे पाठ करून झोपली.