मुलाखतीचा बंदोबस्त

"बाबा, तुम्ही फक्त एवढंच करा. तासभर माझ्या खोलीत कुणाला येऊ देऊ नका," सूनबाई म्हणाली, आणि ऑपरेटरसाहेबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं.

"तुम्ही जरा फिरून या," असं ती म्हणाली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मुलीच्या जन्मानंतर सुटलेली नोकरी पुन्हा मिळायची पहिली खरी संधी आली होती. अकरा वाजता लॅपटॉपवर मुलाखत. नवरा कामावर, मुलगी शाळेत. अशा वेळी जो समोर असेल त्याच्यावर माणूस भरवसा टाकतो. समोर सासरे होते.

साहेबांना हे नाव उगाच पडलं नव्हतं. कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा ते त्याचे ऑपरेटर आणि त्याच्या खोलीचे राखणदार होते. चार कपाटांएवढं ते धूड. त्याची सगळी स्मरणशक्ती आज नातीच्या एका फोटोला पुरली नसती. पण मान केवढा! कामगार घामानं निथळत असायचे आणि यंत्राला वातानुकूलित खोली. मॅनेजरसुद्धा बूट काढून, परवानगी घेऊन आत यायचे. साहेबांचा चष्मा एकदा घरी राहिला, तो द्यायला बायको कारखान्यापर्यंत आली, तर तिलाही त्यांनी उंबऱ्याबाहेरच उभं केलं होतं. नवऱ्याचे कित्येक गुन्हे ती विसरली, हा नाही.

पुढे कॉम्प्युटर टेबलावर आला, मांडीवर आला, खिशात जाऊन बसला. तो लहान होत गेला तसा साहेबांचा मानही आक्रसत गेला. आज मात्र पुन्हा घरात एक कॉम्प्युटर होता, बंद खोली होती, आणि राखणदार हवा होता.

सकाळीच त्यांनी सूनबाईच्या खोलीतली धूळ पुसून काढली. दाराच्या घंटीची तार सोडवली. कुणाचाही फोन वाजू नये म्हणून सूनबाईच्या फोनसह घरातले सगळे फोन बंद करून कपाटात टाकले आणि कपाटाची किल्ली खिशात घातली. अकराच्या ठोक्याला खोलीच्या दाराचं, दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप बाहेरून लावलं आणि किल्ली बायकोच्या हातात ठेवली. खोली एकाच्या ताब्यात, किल्ली दुसऱ्याच्या, हा त्यांच्या कारखान्याचा शिरस्ता.

"बारा वाजेपर्यंत मी पाया पडलो तरी द्यायची नाही," त्यांनी बजावलं.

"पडून तर बघा," बायको म्हणाली.

ते घरभर नळ घट्ट बंद करत फिरले. तेवढ्यात बायको तिच्या ठरलेल्या वेळेला, कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघून गेली. साहेब खुर्ची टाकून दारासमोर बसले, आणि समोर टेबलावर त्यांना चार्जर दिसला.

सूनबाईच्या लॅपटॉपचा. सकाळी धूळ पुसताना त्यांनीच बाहेर आणून ठेवलेला. आता त्या लॅपटॉपची तऱ्हा म्हाताऱ्या बैलासारखी; चारा काढून घेतला की अर्ध्या वाटेत बसकण मारणारा. साहेबांना घाम फुटला. दार वाजवावं, तर आत मुलाखत. पहारेकऱ्यानंच दरोडा घातल्यासारखं व्हायचं. त्यांनी पालथं पडून चार्जर दाराच्या फटीतून आत सरकवून पाहिला. वायर गेली, डबा अडला. तिरका केला, आडवा केला, कुशीवर केला. शेवटी वायरही बाहेर ओढून घेतली.

मग मात्र त्यांनी निश्चय केला. किल्ली बायकोकडे, बायको दवाखान्यात, तेव्हा दवाखाना गाठायचा. पायात एक चप्पल स्वतःची, एक मुलाची, असे साहेब रस्त्यानं अक्षरशः धावले.

बायको खुर्चीत आडवी होती. अर्धा जबडा बधिर, तोंडात कापसाचे बोळे.

"किल्ली दे," साहेब धापा टाकत म्हणाले.

तिनं जोरजोरात मान हलवली. नाही.

"अगं, मी दिलेला हुकूम मीच मागे घेतोय."

तिनं पुन्हा मान हलवली, जमिनीकडे बोट दाखवलं आणि तळहात पुढे सरकवला. साहेबांना वाटलं, बारा वाजेपर्यंत खाली बसा म्हणतेय. चष्म्याचा सूड! डॉक्टरीणबाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मुकाट्यानं स्टूल पुढे केलं. साहेब बसले, उठले, सुनेच्या भविष्याची शपथ घातली, आणि खरोखरच पाया पडायला वाकले. तेव्हा बायकोनं डॉक्टरीणबाईंचं पेन हिसकावलं आणि स्वतःच्या गळ्याखालच्या कागदी रुमालावर लिहिलं: "निघतानाच दाराखालून तिला सरकवली. ती आतून उघडेल. चार्जर इथे कशाला आणलात?"

साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. चार्जर तिथंच होता.

ते घरी पोचले तेव्हा खोलीचं दार सताड उघडं. लॅपटॉप काळा ठिक्कर पडलेला. टेबलावर, टेबलाखाली, गादीवर शोधाशोध झाल्याच्या खुणा. आणि सूनबाई गायब. साहेब मटकन खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांच्या पहाऱ्यात एक झुरळ आत शिरलं नव्हतं, आणि आज त्यांनी स्वतःच्या हातानं घरच्या पोरीची नोकरी घालवली होती.

शेजारच्या शिलाईकाम करणाऱ्या बाईंच्या घरातून आवाज आला. सूनबाईचा. साहेब हळूच जाऊन उभे राहिले. दार अर्धवट उघडं होतं. शिवणयंत्राला टेकवून बाईंचा मोबाइल उभा केलेला, शेजारी अर्ध्या बाहीचं पोलकं, आणि समोर ताठ बसलेली सूनबाई घडाघड उत्तरं देत होती. कुणीतरी विचारलं, मघाशी मध्येच कुठे गेलात?

"लॅपटॉप बंद पडला," ती शांतपणे म्हणाली. "चार्जर सापडेना, फोन कपाटात कुलूपबंद. म्हणून शेजारी आले. आपलं कुठपर्यंत झालं होतं?"

पलीकडे हशा पिकला. साहेब आत गेले नाहीत. मुलाखत संपेपर्यंत चार्जर छातीशी धरून जिन्यात उभे राहिले, आणि वर येणाऱ्या दूधवाल्याला त्यांनी बोटाच्या इशाऱ्यानं परत पाठवलं.

संध्याकाळी निवड झाल्याचं कळलं. सूनबाईनं हसत सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी डोळे पुसले, मग घसा खाकरला.

"आता त्या खोलीत तुझं कायमचं ऑफिस मांडून देतो. तू काम कर, बाहेरचं मी बघतो."

"नाही बाबा," सूनबाई घाईघाईनं म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं, घरून काम करणार की ऑफिसात येणार? मी सांगितलं, रोज ऑफिसात येईन. घरी बंदोबस्त फार कडक आहे."

साहेबांनी विजयी मुद्रेनं बायकोकडे पाहिलं.

"ऐकलंस? पार कंपनीपर्यंत नाव गेलं आपलं."

बायकोचा जबडा एव्हाना पूर्ण सुटला होता. तरी तिनं नुसता कपाळाला हात लावला.