दारवर निघालेली निळी गाडी

ब्राह्मणपुरीच्या उमाकांतभाऊला गाडी घ्यायची होती, आणि तीही पळणारी. रोज वापरायला.

आता रोजचा वापर म्हणजे काय? सकाळी मळ्यात जाणं, पपईच्या बागेत चक्कर, दुपारी शहाद्याला औषधाचं दुकान, संध्याकाळी कोणाकडे लग्न नाहीतर कोणाकडे दुखणं. एवढ्यासाठी सगळं गाव जीप नाहीतर पिकअप घेतं. पण उमाकांतभाऊची मान लहानपणापासूनच जरा वाकडी. पानटपरीवर उभं राहून त्यानं सांगूनच टाकलं, "गाडी मी मन्हा मनथी लेसू. कोन्ले इचाराव नही. आते धुराळाना मांगे नही, पुढे चालनं शे."

शहाद्याच्या नवनीतशेठकडे जुन्या गाड्यांचं दुकान. तिथं त्यानं दोन गाड्या हेरल्या. एक लाल, दोन दारांची, बसलेल्या मांजरासारखी जमिनीला चिकटलेली. दुसरी निळी, चार दारांची, मागे डिकीवर पंख आणि खाली सायलेन्सर असा की आत वासरू झोपावं. नवनीतशेठ जुना माणूस. तो म्हणाला, "जिभाऊ, दोन्ही लई जा. दिनभर रोजना कामले फिरावा. जी जमनी ती ठेवा."

एवढं झालं, पण घरी खरं सरकार बसलेलं होतं. त्याची बायको सुनितावहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "लाल ल्या नहीतं निळी ल्या, माले काय? पन उद्या माले नि आत्यास्ले लोणखेडाले दारवर लई चला. लोकेस्मा हसू नही व्हयनं तं मन्ही हा शे. हसू व्हयनं तं दोन्ही गाड्या परत."

आत्या म्हणजे सासू, आणि दारवर जाणं म्हणजे मयताच्या घरी भेटायला जाणं. सुनिताच्या मावशीचे सासरे, दगा आबा, नव्वदी ओलांडून सुखानं गेले होते. पोटभर जगले, पंगतीत शेवटपर्यंत पुरणपोळी मागून घेतली, झोपेत गेले. दुःख करण्यासारखं काही नव्हतं, पण दारवर जायचं तर रडावं लागतं. आमच्याकडे बाईमाणूस गल्लीच्या तोंडाशी पदर तोंडावर घेते आणि तिथूनच सूर लावते. तो सूर ऐकला की घरातल्या बाया सूर लावतात. कोण, कुठलं, कशानं, हे नंतर. आधी विचारलं तर माणूस बेअक्कल ठरतो.

उमाकांतभाऊला वाटलं, एवढीच अट? ही तर शेंगदाणा फोडण्याइतकी सोपी.

सकाळी त्यानं आधी लाल गाडी काढली. मजुरांची भाकर घेऊन मळ्याकडे निघाला. घरापुढेच ब्रेकर. गाडीनं पुढची चाकं पलीकडे टाकली, मागची अलीकडे राहिली आणि पोट टेकलं. अंड्यांवर बसलेली कोंबडी जशी उठत नाही, तशी गाडी उठेना. शेजारचा दलसिंग बैल घेऊन चालला होता, तो थांबला.

"भो, एवढा मोठा ब्रेकर कोनी बांधेल शे रे?"

"दलसिंग, हात लाव."

"नही, पन इचारस. ऊसना ट्रॅक्टर पयतस म्हनीसन कोनतरी मुरूमना ढीग टाका व्हता. नाव ध्यानमा येत नही."

"मीच टाका व्हता. आते उचल."

दलसिंगनं बैल बांधले, पानटपरीवरची माणसं बोलावली, आणि पालखी उचलावी तशी गाडी उचलून पलीकडे ठेवली. त्यात कमलीबाई, म्हणजे उमाकांतभाऊची आई, ओट्यावर येऊन उभी. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"मांगे बठानं दार कोठे शे?"

"माय, पुढली खुर्सी वाकाडीसन मांगे जावानं."

"मी काय मांजर शे का?"

लाल गाडी तिथंच बाद झाली. निळीला चार दारं होती, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच. उमाकांतभाऊनं आईला सन्मानानं पुढे बसवलं. पुढच्या खुर्च्या शर्यतीच्या, दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या. आणि पट्टा साधा नाही. खांद्यावरून दोन, कमरेवरून दोन, सगळे पोटावर येऊन एका चकतीत अडकतात. टपकन बसला.

"काय रे, खुर्सी शे का खड्डा? बठी तं गऊ, पन उठसू कशी?"

"पयनारी गाडी अशीच ऱ्हास, माय."

"मंग पयाव. बांधेल तं शेच."

सुनितावहिनी मागे बसली. गाडी निघाली ती काय निघाली! ब्राह्मणपुरीचा ब्रेकर तिनं तिरका घेतला, शहाद्याचा रस्ता पायाखाली घातला. फक्त एक खोड होती. पाय काढला की सायलेन्सरमधून फटाफटा आवाज व्हायचा, जसं कोणी लवंगी माळ लावली. म्हशी उधळल्या, एक सायकलवाला आपसूक खाली उतरला. कमलीबाईला मात्र गाडी आवडली होती. ती ते बोलून दाखवणार नव्हती, पण दर फटाक्याला तिचा पाय आपोआप ठेका धरत होता.

लोणखेडा आलं. सुनितानं सांगितलं, "शाळाना पलीकडे गल्ली. मांडव दिसस तठे थांबा." आणि गल्ली जवळ येताच रीतीप्रमाणे पदर तोंडावर घेतला. सासूनंही घेतला. आता गाडीत डोळे उघडे फक्त उमाकांतभाऊचे.

आणि त्या डोळ्यांना दिसत काय होतं? जीपमधून यायचा तेव्हा त्याला मावशीच्या घराची गच्ची दिसायची, पाण्याची टाकी दिसायची. या गाडीतून दिसल्या चपला. चपला, खुर्च्यांचे पाय आणि कुत्री. दोन गल्ल्या सारख्याच होत्या. तो एक गल्ली आधी वळला. समोर पांढरं कापड लावलेला मांडव होता. मांडवात माणसं खांद्यावर रुमाल टाकून, मान खाली घालून, गप्प बसली होती.

ते गोकुळ पाटलाचं घर. त्याच्या पोराची हळद होती. लाइट गेली होती म्हणून गाणी बंद, आणि स्वयंपाकाला उशीर झाला होता. जेवण लांबलं की लग्नाघरची माणसंसुद्धा सुतकी दिसतात, त्याला कोण काय करणार?

उमाकांतभाऊनं गाडी लावली. मागून सुनितानं सूर लावला. पुढून कमलीबाईनं लावला. कमलीबाईचं रडणं पंचक्रोशीत नावाजलेलं. मेलेल्याच्या सात पिढ्यांचे गुण ती सुरात सांगायची. सुनिता रडत रडत उतरली आणि सरळ घरात शिरली. कमलीबाईला उतरता येईना. चकती उघडेना. ती खुर्चीत हिसके द्यायला लागली, आणि जसे हिसके तसा आवाज वाढला. उमाकांतभाऊला वाटलं, माय रंगात आली; तो मांडवात पुरुषांत जाऊन बसला.

मांडवातल्यांनी पाहिलं, एक म्हातारी गाडीतच दुःखानं तडफडते आहे. सगळे उभे राहिले. घरात हळदीच्या बाया बसल्या होत्या. दारातून कोणी पदर घेऊन रडत आलं, तेव्हा विचारायचं नसतं. त्यांनी हळदीचे हात पदराला पुसले आणि सूर धरला. गोकुळच्या बायकोला वाटलं, ही नवऱ्याकडची कोणीतरी असणार. गोकुळला वाटलं, हिच्या माहेरची असतील. तो उमाकांतभाऊजवळ येऊन बसला.

मग गोकुळनं हळूच विचारलं, "कव्हय गयात?"

उमाकांतभाऊला वाटलं, हा कोणी बाहेरगावचा पाहुणा. "काल सकायले."

"वय?"

"नव्वदना वरच."

"तरास?"

"काय तरास? झोपमा. आदला दिन पोयी खाई ऱ्हायंतात."

गोकुळच्या डोळ्यांपुढे आप्पा आले. त्याचे चुलते, खेतियाला राहणारे, नव्वदीचे, पोळीचे शौकीन. हळदीला येणार होते, अजून आले नव्हते. आणि ही निळी गाडी त्यांच्या सुनेकडची असणार. पैसेवाले लोक, असलीच गाडी घेतील! गोकुळनं रुमाल डोळ्यांना लावला.

"मंग हळद थांबाडनी पडी," तो म्हणाला.

उमाकांतभाऊला हळदीचं काही कळलं नाही, पण दारवर माणसं दुःखात काहीही बोलतात. त्यानं गंभीर मान हलवली. "थांबाडा. तेच चांगलं."

झालं! आचाऱ्याला निरोप गेला, कढई उतरली. नवरदेव अर्ध्या अंगाला हळद लावलेला, पाटावर बसून रडायला लागला. तो आप्पांसाठी रडत होता का लग्न पुढे गेलं म्हणून, ते कोणी विचारलं नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा आला. हातात पिशवी, डोक्यावर टोपी. एसटीतून उतरून चालत आला होता. त्यानं पाहिलं, मांडवात सगळे रडतायत. जुना माणूस, रीत जाणणारा. त्यानं पिशवी खाली ठेवली, टोपी काढली, आणि न विचारता गोकुळच्या गळ्यात पडून रडायला लागला.

गोकुळही त्याच्या गळ्यात पडून रडला. बराच वेळ रडला. मग त्याला अंगाची ओळख पटली.

"आप्पा?"

"हा बेटा. धीर धर. कोन गय?"

"तुम्ही."

आप्पांनी टोपी डोक्यावर ठेवली. "मी एसटीमा बठना तव्हय तं चांगला व्हतू," ते म्हणाले.

आत सुनितानं तेव्हाच पदर बाजूला केला होता, कारण गळ्यात पडलेल्या बाईचे हात पिवळे होते. तिनं पाट पाहिला, हळदीची वाटी पाहिली, पिवळा नवरदेव पाहिला. ती बाहेर धावली. गाडीत कमलीबाई अजून आळवतच होती.

"आत्या, बस करा. लगीननं घर शे."

कमलीबाई थांबली. "मंग आते रडू का नको?"

उमाकांतभाऊनं हात जोडले. हळदीच्या घरी रडणं म्हणजे केवढा अपशकुन. बाया कुजबुजायला लागल्या, गोकुळचा चेहरा उतरला. पण आप्पा अजून जिवंत असल्याच्या आनंदात होते. त्यांनी काठी आपटली.

"याले उपाय शे. जी गाडी रडत उनी, ती हासत गयी पाहिजे. परवा नवरदेव हाईच गाडीमा बठी. दुसरी गाडी चालाव नही."

सगळ्यांना पटलं. उमाकांतभाऊ 'हो' म्हणाला, दुसरं म्हणणार तरी काय? मग आचाऱ्यानं कढई परत चढवली, आणि सात-आठ जणांनी मिळून कमलीबाईची चकती उघडली.

खऱ्या घरी दारवर जाऊन आले. परतीच्या वाटेवर उमाकांतभाऊला माहीत होतं, हसू झालं होतं. साऱ्या लोणखेड्यात झालं होतं. पण सुनिताला निकाल देता येत नव्हता, कारण परवा नवरदेव याच गाडीत बसायचा होता. गाडी परत केली तर अपशकुन कोणाच्या माथी? सुनितावहिनी खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाली, "ठेवा आते. इलाज नही."

जिंकला गडी! लाल परत गेली, निळी राहिली.

नवरदेव निळ्या गाडीतून गेला. मागे पंखाला झेंडूच्या माळा, आणि प्रत्येक वळणावर सायलेन्सरचे फटाके. वऱ्हाडाला असं वेड लागलं की मांडवातच दोन जणांनी उमाकांतभाऊला गाडीची तारीख विचारली. एक भाचीच्या सासरचा, एक सुनिताच्या मामाकडचा. नात्यात नाही म्हणता येत नाही. मग पुरुषोत्तमनगरचं आमंत्रण आलं, मग शहाद्याचं. कोणाला म्हणायचं, तुझ्या पोराच्या वेळी नाही?

गाडी रोज वापरायला घेतली होती, ती खरंच रोज वापरात आहे. बँडच्या मागे, नाचणाऱ्यांच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये, म्हाताऱ्यांच्या चालीनं. मळ्यात तो दलसिंगच्या फटफटीवर मागे बसून जातो.

परवा मिरवणुकीत कमलीबाई चालत चालत खिडकीशी आली. आत वाकून बघितलं, आणि लेकाला म्हणाली, "पुढे पोहचीसन पंगतमा तुन्हासाठे पान धरी ठेवस रे. तू ये हळूहळू."